पिशवी हातात घेण्याआधी

मंडळीच्या वार्षिक सभेत तुला खजिनदार केलं, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तिला आनंद आवरत नव्हता. मलाही बरं वाटलंच, पण मामा म्हणून चार गोष्टी कानावर घातल्याशिवाय चैन पडेना. हे काम मी बरीच वर्षं केलंय. शाळेत गणित शिकवायचो, तेव्हा हिशेब यांच्याकडेच द्या, असं सगळ्यांना वाटायचं. खरं म्हणजे मंडळीच्या हिशेबाला बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित लागत नाही. जे लागतं ते मला माझ्या आधीच्या खजिनदारांनी, एका म्हाताऱ्या वडीलजनांनी सांगितलं होतं. त्यातलं बरंचसं त्यांचं, थोडं माझं.

त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, बारा शिष्यांत थैली कोणाकडे होती? यहूदाकडे. तो त्यातलं काढून घ्यायचा, हे योहानाने सरळ लिहून ठेवलंय. म्हणजे रोज प्रभूच्या पंगतीला बसणाऱ्या माणसालाही थैली जड गेली. तेव्हा ‘माझ्यावर विश्वास नाही का’ हे वाक्य खजिनदाराने कधी तोंडातून काढायचं नाही. विश्वास असो-नसो, पैसे दोघांनीच मोजायचे.

मोजायचे कसे तेही सांगतो. रविवारची उपासना संपली, आशीर्वाद झाला, की लोक दारात सलाम करत, गप्पा मारत रेंगाळतात. तू रेंगाळू नकोस. पिशव्या घेऊन सरळ आतल्या खोलीत जा आणि बरोबर दुसरा माणूस घे. तो तुझ्या घरातला नको, आणि दर महिन्याला बदलत राहा. पिशवी उलटी करून झटक. कोपऱ्यात घडी घातलेली दहाची नोट हमखास अडकते. नोटा एका तोंडाने लाव, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती कर. आधी त्याने मोजायचं, मग तू. दोघांचं मोजून होईपर्यंत आकडा मोठ्याने बोलायचा नाही, कारण एकाचा आकडा कानावर पडला की दुसऱ्याची मोजणी आपोआप तिथेच येऊन थांबते. कितीच्या किती नोटा हे चिठ्ठीवर लिहायचं, दोघांनी सही करायची, चिठ्ठी रोकडवहीला टाचायची. हे सगळं घरी जायच्या आधी. ‘जेवून येऊ, मग बघू’ म्हणालास की संपलं. सोमवारी भरणा बँकेत. लाइटबिल थकलंय, पाळकसाहेबांचा प्रवासखर्च द्यायचाय, म्हणून पिशवीतूनच परस्पर देऊन मोकळं व्हायचं नाही. आधी जमा, मग खर्च, आणि खर्चाला पावती.

आता मंदिराच्या दाराशी क्यूआर कोड लागलेत. तो मंडळीच्या खात्याचाच असू दे. कोणी सोय म्हणून तुझ्या नंबरवर वर्गणी टाकली, तर त्याच दिवशी परत पाठव आणि खात्यावर टाकायला सांग. माणूस चिडेल. चिडू दे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती स्वतः एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस बरोबर घेतला, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय या दृष्टीने एकदा वाच. प्रेषित असून त्याला हे करावंसं वाटलं, मग आपण कोण?

जिभेचं मात्र कोणत्याही वहीत लिहिता येत नाही. कोण किती देतो हे आता तुला कळणार. ज्याची मोठी गाडी मंदिरासमोर उभी असते त्याच्या लिफाफ्यात काय असतं, आणि धुणीभांडी करणारी बाई महिन्याला काय देते, हे दोन्ही. घरी बायकोला सांगायचं नाही. पाळकसाहेबांनाही नाही, ते सगळ्यांकडे सारख्या मनाने जेवायला जाऊ शकले पाहिजेत. आणि कळल्यावर तुझ्या वागण्यात फरक पडायला नको, हे सगळ्यांत अवघड. उपासात मटण सोडणं त्याच्यापुढे काहीच नाही.

मटणावरून आठवलं. भस्म बुधवारपासून आपल्याकडे बरेच जण चाळीस दिवस मटण-मासे सोडतात. चांगलंच आहे. पण त्या मटणाचे पैसे कुठे जातात? बहुतेक घरांत ते पनीरमध्ये जातात. वाचलेला पैसा डब्यात टाक आणि ईस्टरच्या आत कोणाच्या तरी औषधपाण्याला लाव, नाहीतर तो नुसता पथ्याचा महिना होतो.

कापणीच्या सणाला सावध राहा. लोक ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येतात, वेदीसमोर ढीग लागतो आणि मग लिलाव. एकच कोंबडी तीनदा विकली जाते. घेणारा पुन्हा मंडळीला देतो, पुन्हा बोली. मजा असते, टाळ्या पडतात. पण बोलीच्या भरात आकडा फुगतो आणि पैसे पुढच्या पावसाळ्यापर्यंत येत नाहीत. बोली लागली की नाव आणि रक्कम तिथल्या तिथे लिही. थकबाकीदारांची नावं वेदीवरून वाचायची टूम कोणीतरी काढेलच, तिला ठाम विरोध कर. संध्याकाळी त्याच्या घरी जा, चहा घे, हळूच विचार.

हे झालं मंडळीच्या पैशाचं. तुझ्या स्वतःच्या पगाराचं काय?

दशमांश पगार झाला की आधी काढ. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे कधीच उरत नाही. पौलाने म्हणूनच दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगितलं. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाला तांदळाची एक मूठ वेगळी ठेवतात. ती मंडळीकडे जमा होते, विकली जाते आणि त्या पैशावर तिथलं सुवार्ताकार्य चालतं. मूठ लहान आहे, पण ती रोजची आहे आणि भात शिजायच्या आधीची आहे. मला हे पाच हजारांच्या एकरकमी चेकपेक्षा मोठं वाटतं.

आता उलट बाजू. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तू वाचलं नसशील तर आधी वाच. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांच्या हातात पैसा टिकत नसे. आला की कोणाला तरी दिला. कवी मोठा, मन त्याहून मोठं. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. पण चूल पेटवायची कोणी? लक्ष्मीबाईंनी. घरात येणारं-जाणारं, सांभाळलेली पोरं, सगळं त्यांच्या अंगावर. आपल्या व्यासपीठांवरून टिळकांचा त्याग सांगतात, तेव्हा मी मनात म्हणतो, कारभारीपण शिकायचं तर त्या माउलीकडून शिका. देणारा एक आणि ओढणारा दुसरा, असं घर तुझं होऊ देऊ नकोस. लग्न ठरेल तेव्हा पहिल्या महिन्यापासून दोघांनी मिळून वही लिहा. तुझा दशमांश हा दोघांचा निर्णय असू दे.

आणि आईच्या शुगरच्या गोळ्या थांबवून मंडळीत मोठं दान देऊ नकोस. देवाला अर्पण केलंय म्हणून आईबापांना काही न देणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. लग्नात बँड, फेटे आणि हजाराची पंगत यासाठी सोसायटीचं कर्ज काढून मग पाच वर्षं ‘सध्या देता येत नाही’ म्हणणारेही मी पाहिलेत. त्यांना दोष देत नाही, समाजाचं दडपण असतं. पण ते दडपण मोडायचं तर खजिनदाराच्याच घरून सुरुवात झालेली बरी.

दहा दे म्हणजे देव शंभर देईल, असं सांगणारे प्रवचनकार हल्ली तंबू ठोकून येतात. त्यांच्या सभेला गेलास तर ऐक आणि पाकीट खिशातच ठेव. विधवेने दोन टोल्या टाकल्या, त्यानंतर तिला काय मिळालं हे शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही.

पैशाइतकाच वेळेचाही हिशेब ठेव. तुझी सुप्याच्या एमआयडीसीतली नोकरी शिफ्टची. पहाटे प्रार्थनेला उठतो म्हणून तू डायरीत लिहून ठेवशील आणि नाइट शिफ्टच्या पहिल्याच आठवड्यात ते मोडेल. त्यापेक्षा शिफ्टप्रमाणे वेळ बदल, पण जागा बदलू नकोस. तीच खुर्ची, तेच बायबल, दहा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बायबलचं अ‍ॅप आहे ना, असं म्हणू नकोस. अ‍ॅप उघडायला गेलेला माणूस क्रिकेटच्या स्कोअरवर बाहेर पडतो. आणि ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी दुसऱ्या दिवसाचं दुप्पट करत बसू नकोस. अरण्यात मान्नाही रोजचा रोज गोळा करायचा होता. साठवून ठेवला की त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट, आणि तो मात्र टिकायचा. रोजचं काम रोज करणाऱ्यालाच सुट्टी घेता येते. तुझ्या आठवड्यात एक दिवस खरोखरच मोकळा ठेव. खजिनदार झाल्यावर रविवार मोकळा राहत नाही, तेव्हा दुसरा शोध.

आता पाचारणाचं. सेमिनरीत जावं का, पूर्णवेळ सेवेत यावं का, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं होतं. माझं मत असं. पंडिता रमाबाईंच्या केडगावला, म्हणजे आपल्या नगरलगतचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली-बायका होत्या. कोणी शेतात, कोणी मागावर, कोणी छापखान्यात. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर ते हातावेगळं झालं होतं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्याच बायका. यातलं पाचारण कोणाचं? भाषांतर करणारीचंच तेवढं, असं मी तरी म्हणणार नाही. एक मात्रा उलटी लागली असती तर वाचणाऱ्याचं अडलं असतंच की.

तू कंपनीत पार्ट तपासतोस. व्हर्निअर लावून माप घ्यायचं आणि शीटवर लिहायचं, हे तुझं काम. शिफ्टच्या शेवटच्या तासाला न मोजता आदल्या पार्टचाच आकडा पुढे उतरवणारे असतात, हे तूच मला सांगितलंस. तो आकडा लिहू नकोस. सुपरवायझर घाई करेल, शीट अपुरी राहील, चार शब्द ऐकावे लागतील. त्या शीटवर तुझी सही असते. रविवारी पिशवीतले पैसे दोनदा मोजणारा आणि सोमवारी न मोजता सही करणारा, हे दोघे एकाच अंगात फार दिवस राहू शकत नाहीत. एक दुसऱ्याला बिघडवतोच.

सेमिनरीत जायचं तर जा. पौलही तंबू शिवत होता, तेव्हा हातातलं काम सोडलं म्हणजेच सेवा, असं नाही. आणि सोडू नये असंही नाही. फक्त सुपरवायझरचा कंटाळा आलाय म्हणून जाऊ नकोस. तसे गेलेले पुढे मंडळीचे सुपरवायझर होतात. मंडळीतल्या दोन-तीन शहाण्या माणसांना विचार, त्यात एक तरी असा असू दे ज्याला तू फारसा आवडत नाहीस. घरची सोय बघ. आणि सध्या हाती घेतलेली खजिनदारकीची मुदत पुरी कर, अर्ध्यात टाकू नकोस.

मुदत संपायच्या आधी दुसरा माणूस तयार कर. जे तुझ्याबरोबर मोजायला बसतात त्यांतलाच एखादा हेर आणि दुसऱ्या वर्षापासून रोकडवही त्याच्याकडून लिहून घे. वार्षिक हिशेब मंडळीपुढे वाचताना बेरीज एकदम सांगू नकोस, बाबवार वाच. मागच्या बाकावरची म्हातारी उठून ‘तेवढ्या पैशात किती चटया आल्या?’ असं विचारेल. उत्तर दे. तिने विचारणं बंद केलं, तर काळजी कर.

आणि हो, चेकवरच्या सह्या बदलायचा ठराव याच महिन्यात पंचकमिटीकडून करून घे. जुन्या खजिनदारांची सही बँकेत अजून चालते आणि ते आता मुलाकडे नाशिकला राहायला गेलेत.