काल्पनिक संघांचे पूर्वपरीक्षण : काही विचार

पुस्तकाचे परीक्षण पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर होते, नाटकाचे पहिल्या प्रयोगानंतर. एका खेळात मात्र परीक्षण आधी लिहावे लागते, आणि ज्या संघाचे परीक्षण करावयाचे तो संघ कोठल्याच मैदानावर कधी उतरत नाही. मित्रामित्रांत खेळल्या जाणाऱ्या 'फँटसी बास्केटबॉल'विषयी मी हे लिहीत आहे. आमच्या आठ जणांच्या मंडळात हंगामापूर्वी संघांचे परीक्षण लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. ते करताना पडलेले प्रश्न साहित्याच्या किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अगदीच परके वाटू नयेत.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. १९८० साली डॅनिएल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कमध्ये आपल्या मित्रांसह बेसबॉलची अशी स्पर्धा सुरू केली. मंडळी ज्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या उपाहारगृहात जमत, त्यावरून तिला 'रोटिसरी' हे नाव पडले. बास्केटबॉलमध्ये तत्त्व तेच. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील खेळाडू आपण पाळीपाळीने निवडावयाचे. खेळाडू खेळतो आपल्या खऱ्या क्लबसाठी, पण त्याचे आकडे जमा होतात आपल्या खाती. निवडीचा क्रम नागमोडी असतो. पहिल्या फेरीत जो आठवा, तो दुसरीत पहिला. म्हणजे त्याला आठवा व नववा खेळाडू लागोपाठ मिळतो, तर पहिल्याला आपल्या दुसऱ्या खेळाडूसाठी सोळाव्या पाळीपर्यंत थांबावे लागते. दर आठवड्याला दोन संघांची गाठ पडते आणि नऊ रकान्यांत तुलना होते : गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या यशस्वी फेकी, मैदानी फेकींची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू. हा शेवटचा आकडा जितका कमी तितका बरा. अधिक रकाने जिंकणारा आठवडा जिंकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जे मोजले जात नाही, त्याला या खेळात अस्तित्वच नाही. एनबीएने स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू केली. १९६९ मध्ये निवृत्त झालेला बिल रसेल, ज्याच्या बचावाची आजही उदाहरणे दिली जातात, त्याच्या नावावर अधिकृत असा एकही ब्लॉक नाही. आजही रुडी गोबेर बास्केटखाली उभा आहे म्हणून प्रतिस्पर्धी तिकडे फिरकतच नाही, हे कोणत्याही रकान्यात येत नाही. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला चारदा मिळाला तो बऱ्याच अंशी या न मोजलेल्या कामासाठी. तेव्हा 'हा थोर खेळाडू' आणि 'हा आपल्या उपयोगाचा खेळाडू' ही दोन निरनिराळी विधाने आहेत. बहुतेक नवखी परीक्षणे येथेच घसरतात आणि नामावलीच्या स्तुतीत संपतात.

माझे म्हणणे असे की संघ नावांवरून न वाचता रचनेवरून वाचावा. याला आमच्यातल्याच एका संघाचे उदाहरण घेतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी आमच्या इतिहासाच्या विद्यार्थी मित्राला आठवी पाळी आली. त्याने यानिस अँतेतोकुंपो आणि ट्रे यंग हे लागोपाठ घेतले, व पुढे गोबेरही मिळवला. ऐकताना संघ दणदणीत वाटतो. आता यानिसचे फ्री थ्रो पाहा. आदल्या हंगामात तो सामन्याला दहाहून अधिक फ्री थ्रो घेत होता आणि त्यांतील सुमारे ६६ टक्केच बास्केटमध्ये जात होते. हिशेबासाठी समजू की चार सामन्यांच्या आठवड्यात त्याने ४० फेकी केल्या आणि २६ साधल्या. बाकीच्या संघाने ६० फेकींत ४८ साधल्या, म्हणजे चांगल्या ८० टक्के. एकूण झाले १०० पैकी ७४. हाच आकडा ८० वर न्यावयाचा तर उरलेल्यांना ६० पैकी ५४, म्हणजे ९० टक्के साधावे लागतील. तसे खेळाडू मोजकेच, आणि तेही इतरांनी आधीच उचललेले. एक माणूस सबंध रकाना बुडवू शकतो तो असा, कारण टक्केवारीत फेकींची संख्याही बोलते.

पण हा दोष नव्हे. यानिस घेणाऱ्याने फ्री थ्रोचा रकाना जाणूनबुजून सोडून द्यावा आणि उरलेले आठ भक्कम करावेत, ही मान्य झालेली नीती आहे. गोबेर त्या नीतीत चपखल बसतो. त्याचेही फ्री थ्रो कच्चे, पण रिबाउंड, ब्लॉक आणि मैदानी टक्केवारी उत्तम. अडचण होती यंगची. त्याचे फ्री थ्रो ८५ टक्क्यांच्या घरातले. जो रकाना सोडलाच आहे, त्यात हे धन पडून राहावयाचे. उलट त्याची मैदानी टक्केवारी सुमारे ४३ आणि सामन्याला चारांहून अधिक टर्नओव्हर. म्हणजे यानिस आणि गोबेर यांनी एका रकान्यात जे कमवावे, ते यंगने खर्चावे. मी तसे लिहिले : 'या संघाचे पहिले दोन खेळाडू एकमेकांना ओळखत नाहीत.'

मित्र चार दिवस बोलला नाही. नंतर बोलला तो मुद्द्याचे : 'मग असिस्ट कोठून आणू?' यंग आदल्या हंगामात सामन्याला जवळजवळ अकरा असिस्ट देत होता. तेवढे देणारा दुसरा खेळाडू नवव्या पाळीला शिल्लक नव्हता, हे खरेच आहे. माझे मत मी बदलले नाही. परंतु त्याच्या संघामागे एक विचार होता आणि तो परीक्षणात नोंदवावयास हवा, असे मी मानतो. परीक्षकाने आधी लेखकाला काय साधावयाचे होते ते सांगावे, मग ते साधले की नाही ते, असे समीक्षेच्या तासाला आपण ऐकतोच.

दुसऱ्या संघात व्हिक्टर वेम्बन्यामा होता. २०२३-२४ या पहिल्याच हंगामात त्याने सामन्याला ३.६ ब्लॉक केले होते. त्या संघाविषयी मी एवढेच लिहिले की ब्लॉकचा रकाना एका माणसाच्या खांद्यावर उभा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये खांद्यात रक्ताची गुठळी आढळल्याने त्याचा हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. (खांद्याचा उल्लेख हा निव्वळ योगायोग, आजार कोणालाच आधी दिसत नाही.) दिसते ते अवलंबून राहणे. आमच्या आठ संघांत प्रत्येकी १३ प्रमाणे १०४ खेळाडू निवडले जातात, आणि तीस क्लबांत मिळून साडेचारशेच्या आसपास खेळाडू असतात. त्यामुळे सामान्य खेळाडू जखमी झाला तर बाहेरून तोलामोलाचा सहज मिळतो. वेम्बन्यामाच्या तोडीचे ब्लॉक बाहेर मिळत नाहीत.

वेळापत्रकाचा विचारही थोडक्यात करावा लागतो. एखाद्या क्लबचे आठवड्यात चार सामने, दुसऱ्याचे दोनच, आणि याने आठवडा फिरतो. त्यातून आमच्या बाद फेऱ्या मार्चमध्ये येतात. तळाच्या क्लबांना तोवर जिंकण्यात रस उरलेला नसतो. २०१९ साली लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या तीन क्लबांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी मिळू लागली, आणि अशा क्लबांचे चांगले खेळाडू मग किरकोळ दुखापतीसाठीही बाकावर बसतात. ऑक्टोबरमध्ये संघ वाचताना मार्च डोळ्यांसमोर ठेवावा तो यासाठी.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आमच्या स्पर्धेत पैसा नाही, पूर्वीही नव्हता. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, त्याने आमचे काही अडले नाही. पण पैसा नसला तरी परीक्षणाला किंमत असते. 'अमक्याला असिस्टची निकड आहे' असे मी लिहिले की अदलाबदलीच्या बोलण्यांत असिस्ट देणाऱ्याचा भाव चढतो. आणि मी स्वतः त्या बाजारातला एक गिऱ्हाईक! आमच्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा आक्षेप घेतला आणि तो बिनतोड आहे. शेजारच्या दुकानदारानेच मालाची प्रत ठरवावी, असाच हा प्रकार.

यावर लिहिणे बंद करणे हा एक उपाय होता. मला तो पळपुटा वाटला. आम्ही ठरवले ते असे. परीक्षणे सर्वांच्या हाती एकाच वेळी पडावीत. प्रत्येक विधानाखाली आदल्या हंगामाचा आकडा असावा, म्हणजे मार्चमध्ये कोणालाही पडताळा घेता येईल. परीक्षकाने पहिले तीन आठवडे कोणाशीही अदलाबदल करू नये. आणि परीक्षकाच्या संघाचे परीक्षण दुसऱ्याने लिहावे. हे शेवटचे काम २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इतिहासाच्या मित्राने आपण होऊन मागून घेतले. त्याने माझ्या संघावर दीड पान लिहिले. सुरुवातच टर्नओव्हरपासून केली आहे, आणि खाली आकडे दिले आहेत.