मुलाचा दुखरा घसा आणि त्याचे हृदय

पावसाळ्यात आमच्या मालवण किनाऱ्यावरील बहुतेक घरांत एखादे तरी मूल घसा धरून बसलेले आढळते. आई त्यास मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावते, हळदीचे दूध देते, आणि तीन-चार दिवसांनी ते पुन्हा खळ्यात खेळू लागते. बहुतेक वेळा गोष्ट एवढ्यावरच संपते, आणि ह्यात आईचे काही चुकत नाही. परंतु काही मुलांच्या बाबतीत ती संपत नाही. ती पुढे कोठवर जाते हे आमच्या उपदेशक बंधूंस व आईबापांस ठाऊक असावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, अशा वेळी दुखणारा घसा बहुधा साध्या पडशाचा असतो. पण खोकला नाही, ताप एकाएकी चढला, आवंढा गिळवत नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या, अशी लक्षणे असली तर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंचा संशय धरावा व मुलास डॉक्टरांस दाखवावे. ह्या जंतूंशी लढण्यास आपले शरीर जी शस्त्रे घडविते, ती काही मुलांत शत्रू व घरचे माणूस ह्यांतला भेद विसरतात, आणि दोन ते चार आठवड्यांनी त्याच मुलाच्या सांध्यांवर व हृदयावर चालून जातात. ह्या रोगास संधिज्वर म्हणतात. तो विशेषेकरून ५ ते १५ वर्षांच्या मुलांस होतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी तो टाळता येतो. मात्र दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असल्या तर त्या दहाही दिवस घेतल्या पाहिजेत.

समजा, देवबागेकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचा गुडघा सुजतो, दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा सुजतो, मग मनगट. घरचे म्हणतात, माडावर चढताना पडला असेल. आजी म्हणते, वाढीचे दुखणे आहे. थोड्या आठवड्यांत सर्व सांधे पूर्ववत् होतात आणि घरात आनंद होतो. परंतु त्याच दिवसांत हृदयाच्या झडपांस सूज येऊन गेली असेल, तर ती मात्र नेहमीच मागे काही न ठेवता जात नाही. झडप जाड होते, आखडते, नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. पुन्हा घसा धरला, पुन्हा संधिज्वर आला, की इजा वाढते. दहा-पंधरा वर्षांनी हाच मुलगा रापण ओढताना धापा टाकतो, तेव्हा त्या जुन्या गुडघ्याची आठवण कोणास असते?

आणखी एक खूण आहे, आणि तिच्यामुळे मुलांचे फार हाल होतात. घसा बरा होऊन महिने लोटल्यावर मुलाचे, अधिक करून मुलीचे, हातपाय आपोआप हलू लागतात, तोंड वेडेवाकडे होते, अक्षर बिघडते, हातातला पेला पडतो, विनाकारण रडू येते. शिक्षक शिक्षा करतात. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली, घाड्याकडे न्या. आमच्या मंडळ्यांतही भूत काढण्यासाठी प्रार्थना करावयास कोणी बोलावणार नाही असे मी म्हणत नाही. इंग्लंडातील डॉक्टर सिडनहॅम ह्यांनी १६८६ साली ह्या विकाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. ही बाधा नव्हे, हाच संधिज्वर होय. मुलासाठी प्रार्थना अवश्य करावी, आणि त्यास इस्पितळातही न्यावे.

१९१९ च्या सुमारास वेंगुर्ल्यास अमेरिकन मिशनाचे डॉक्टर गोहीन काम करीत होते. त्या काळी जगातल्या कोणत्याही डॉक्टरापाशी ह्या रोगावर विश्रांती आणि १८७६ पासून माहीत झालेली सॅलिसिलेट जातीची औषधे ह्यांखेरीज फारसे काही नव्हते. त्यांनी सांधे शांत होत, झडपा वाचत नसत. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला, आणि १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अंगात तीन-चार आठवडे टिकून राहणारे बेंझाथिन पेनिसिलिन निघाले. खरा फरक ह्याने पडला. ज्यास एकदा संधिज्वर झाला त्याने हे इंजेक्शन दर २१ दिवसांनी घेतले, तर बहुधा रोग उलटत नाही. हृदयास इजा नसेल तर निदान ५ वर्षे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, ह्यांत जे अधिक ते. इजा असेल तर १० वर्षे किंवा २५ व्या वर्षापर्यंत, आणि काहींस जन्मभर. ते इस्पितळातच घ्यावे, कारण क्वचित् कोणास ते सोसत नाही.

अडचण ही की मूल धडधाकट दिसते. सुई दुखते, शाळा बुडते, बापाची मजुरी बुडते, आणि रोग तर कोठे दिसत नाही. म्हणून दोन-तीन पाळ्या चुकतात व नेमका त्याच वेळी घसा धरतो. येथे उपदेशकांच्या हातून मोठे काम होण्यासारखे आहे. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. म्हणून वार कधी बदलत नाही. मुलाची सुई सोमवारची असेल तर ती नेहमी सोमवारीच येईल. आपल्या वहीत दर तिसऱ्या रविवारी खूण करावी आणि उपासनेनंतर आईस एकीकडे बोलावून हळूच सांगावे. मे महिन्यात मुले मुंबईच्या चाकरमानी नातलगांकडे जातात, तेव्हा इस्पितळाचा कागद पिशवीत घालून द्यावा, म्हणजे तेथील डॉक्टर पाळी चुकू देणार नाहीत.

हळूच म्हणण्याचे कारण आहे. मुलीचे दुखणे लग्न मोडेल ह्या भीतीने लपविले जाते. गरोदरपणात अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि आखडलेल्या झडपेतून ते पुढे जात नाही. माहेरी झाकलेली गोष्ट मग सासरी बाळंतपणात जिवावर बेतते. आईबापांनो, चार लोकांस सांगू नका, पण डॉक्टरांस आणि जावयास सांगा.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा सरकारी शाळेत येऊन मुले तपासते, आणि तपासावयाच्या रोगांत संधिज्वराचा हृदयरोगही आहे. पथक येईल त्या दिवशी मुलास काजू वेचावयास पाठवू नये. नळीने हृदयात निराळा आवाज ऐकू आला तर इको तपासणी करतात. तीत सुई नाही, दुखत नाही. आखडलेली झडप फुग्याने उघडण्याची रीत जपानी डॉक्टर इनूए ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली, आणि ती आपल्या देशातही चालते. परंतु झडप फुग्याने उघडली किंवा नवी बसविली तरी दर तिसऱ्या आठवड्याची सुई बंद होत नाही. डॉक्टर सांगतील तोवर ती घ्यावयाचीच असते, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास आपल्या झडपेची गोष्ट सांगावयाची असते.