आई शेजारी बसल्यावर

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत मी मुलांचं समुपदेशन करते. आठ ते सोळा वयाच्या मुलांच्या स्वभावाची एक मराठी प्रश्नावली आम्ही काहीजणींनी मिळून तयार केली आणि वापरात आणण्याआधी इथल्याच सोसायट्यांमधल्या मुलांकडून भरून घेऊन पारखली. त्या खटाटोपात जे उमगलं ते असं.

१. आईला आधी बाहेर बसवावं. 'मी माझ्या वस्तू जागच्या जागी ठेवतो' या विधानापाशी मुलगा थांबतो आणि आईकडे बघतो. आई बोलत नाही, नुसती भुवई उचलते. खूण 'नेहमी'वर पडते. ती फोन घ्यायला बाहेर गेली की त्याच मुलाचं पुढचं पान एकदम खरं होतं. हान्स आणि सिबिल आयझेंक यांनी १९७५ मध्ये मुलांसाठी जी प्रश्नावली काढली, तिच्यात चांगलं दिसण्याची धडपड मोजायला वेगळे प्रश्नच घातले होते. वय वाढतं तसे त्या प्रश्नांवरचे गुण कमी होत जातात. आठ वर्षांचं मूल कागदावर संत असतं, चौदाव्या वर्षी ते बरंच माणसात येतं. लहानांना यावरून खोटारडं ठरवणं मला पटत नाही. छापील कागद समोर आला की बरोबर उत्तर लिहायचं, हे शाळेने आणि घरानेच त्यांना शिकवलेलं असतं. म्हणून हे गुण जास्त आले की मी त्या मुलाइतकाच त्याच्या घराचाही विचार करते.

२. 'नाही' असलेली विधानं लहानांना देऊ नयेत. 'मला एकटं राहायला आवडत नाही' यावर मूल 'कधीच नाही' अशी खूण करतं, तेव्हा त्याला एकटेपण आवडतं की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उलट बाजूची विधानं मात्र हवीतच, नाहीतर सगळ्याला हो म्हणत जाणारी मुलं सापडत नाहीत. 'मी चटकन चिडतो' याच्या जोडीला 'कोणी चिडवलं तरी मी शांत राहतो' चालतं.

३. तीन पर्याय पुरतात. रॉबर्ट गुडमन यांच्या १९९७ च्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत २५ विधानं आणि तीनच पर्याय आहेत. पाच दिले तरी लहान मुलं दोन टोकांनाच जातात.

४. कॅलेंडर बघूनच तारीख ठरवावी. स्वभाव टिकाऊ असतो असं मानतो, म्हणून काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन उत्तरं जुळतात का हे पाहायचं. पण जुलैत एव्हरशाईन आणि वसंत नगरीचे रस्ते पाण्याखाली जातात, लोकल बंद पडते, चर्चगेटला कामाला गेलेले आईबाबा मध्यरात्री घरी पोचतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी काळजीच्या विधानांवर जे गुण येतात ते पावसाचे. सहामाहीचा आठवडा आणि गणपतीही टाळावेत.

५. अल्फाला भुलू नये. प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा हा आकडा ली क्रॉनबॅक यांच्या १९५१ च्या लेखापासून रूढ झाला. 'मला भीती वाटते' हेच चार वेगळ्या तऱ्हांनी विचारलं की तो आपोआप फुगतो. आकडा थोडा कमी आला तरी चालेल, विधानांत वैविध्य हवं, असं माझं मत. संख्याशास्त्रवाल्या मैत्रिणीशी यावर अजून वाद चालू आहे.

६. सरासरी कुणाची, हे विचारावं. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली, त्यांचं पुस्तक १९४० चं. आमच्या पालघर जिल्ह्यात तर एवढ्यावरही भागत नाही. एव्हरशाईनमधलं मूल घरात मराठी बोलतं पण वाचतं इंग्रजीत, म्हणून त्याला विधानं मोठ्याने वाचून दाखवावी लागतात. वसई पश्चिमेला कादोडी आणि वाडवळी बोलणारी घरं आहेत. जव्हारच्या आश्रमशाळेतलं मूल वर्षातले बरेच महिने आईवडिलांपासून लांब राहतं. 'मी घरच्यांना कामात मदत करतो' यावर त्याने काय खूण करायची? इथल्या मुलांची सरासरी तिथे लावणं हा निव्वळ आळस आहे.

७. संमती दोघांची घ्यावी. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची डिजिटल माहिती गोळा करायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. मी मुलालाही विचारते. एखादी नववीतली मुलगी 'नको' म्हणाली, तर आईने आधीच सही केलेली असली तरी तो कागद बाजूला ठेवते.

८. पालकांच्या हातात गुण देऊ नयेत. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. तेव्हापासून कुठलीही प्रश्नावली भरली की 'मग सायन्स की कॉमर्स?' हा प्रश्न येतोच. त्या चाचणीत आवडीनिवडी विचारल्या होत्या, आमची प्रश्नावली स्वभावाची, तीही अजून कच्ची. 'मग एवढं भरून कशाला घेतलंत?' असं एका बाबांनी वैतागून विचारलं. प्रश्न रास्त होता. या टप्प्यावर मुलांचा निकाल लागत नाही, आमच्या विधानांचा लागतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मुलीने काही विधानांशेजारी प्रश्नचिन्हं काढून ठेवली होती. तीही दाखवली आणि ती विधानं आम्ही का वगळली हे समजावलं.