लघुरेल्वे आणि कॅमेरा

पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. इंदूरहून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणता डिजिटल कॅमेरा न्यावा?

या छंदात रूढ असलेल्या 'एचओ' प्रमाणात प्रत्येक वस्तू ८७ पट लहान असते. पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य अवघा दोन सेंटिमीटर भरतो. वरून टिपलेली गाडी खेळणेच दिसते. भिंग त्या मनुष्याच्या दृष्टीच्या पातळीवर आणल्यास ती खरी भासते. म्हणून आम्ही लहान कॅमेरा सुचवितो. फिल्मच्या जागी असणारा त्याचा प्रकाशसंवेदकही लहान असल्याने इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत स्पष्टता साधणे सुलभ होते. भिंगाचे छिद्र बारीक करण्याची सोय असावी. मात्र त्यायोगे प्रकाश घटतो, तेव्हा कॅमेरा स्थिर टेकवावा. केवळ मेगापिक्सेलच्या आकड्यास भुलू नये.