जुन्या सायकलीचे दांते

घरांतली जुनी सायकल जड चालते म्हणून ती मोडींत घालण्यापूर्वीं तिचे दांते मोजा. पुढील चक्राच्या दांत्यांस मागील चक्राच्या दांत्यांनीं भागावें व चाकाच्या इंचांतील व्यासानें गुणावें. ४८ व १८ दांते आणि २८ इंची चाक असतां सुमारें ७५ येतात. अंक मोठा तितका वेग अधिक, पण श्रमही अधिक. परतूरच्या काळ्या मातीच्या वाटेवर वाऱ्यासमोर ओझें नेणाऱ्यास मागें २० दांते बरे. अंक ६७ वर उतरतो. पालकांनीं येथें स्वतःच्या नव्हे, मुलाच्या पायांचा विचार करावा!

मागील हबवर ‘स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू’ हीं अक्षरें असतील तर सायकल तीन गतींची समजावी. वरील दांत्यांस त्या गति सुमारें ५६, ७५ व १०० होतात. हबची तार तुटली, कीं सायकल सर्वांत जड गतींतच राहते. म्हणून दांते बदलण्याआधीं तार पाहावी.