दोष कारागिराचा की कामाच्या मांडणीचा?

कारखानदार बंधू एकत्र बसले की बोलणे हमखास एका विषयावर येते. कारागीर मन लावून काम करीत नाही, माल खराब करतो, उचल घेऊन दुसऱ्याकडे निघून जातो. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही ती वर्षानुवर्षे केली आहे. परंतु माणूस बिघडला असे ठरविण्याआधी त्याच्याकडे काम कोणत्या रीतीने सोपविले आहे, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?

हा प्रश्न अहमदाबादेत एका गिरणीने सत्तर वर्षांपूर्वी तपासून पाहिला. साराभाई घराण्याच्या कॅलिको मिल्सने १९५२ साली आपल्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसविले. इंजिनिअरांनी प्रत्येक कामाचे मोजमाप केले आणि कोणी किती माग सांभाळायचे ते ठरवून दिले. कागदावर हिशेब चोख होता. तरीही उत्पादन वाढेना आणि खराब कापड मात्र जास्त निघू लागले. तेव्हा १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी या खात्याची पाहणी केली.

त्यांना जे दिसले ते आपल्या विणकर बंधूंना सांगावे लागणार नाही. २२४ माग, २९ कामगार आणि कामाचे प्रकार १२. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तुटलेली तार जोडणाऱ्याकडे ७५ च्या आसपास, जॉबरकडे ११२, आणि तेलवाला व झाडूवाला यांच्याकडे सगळेच्या सगळे. आता एका विणकराचा माग तार तुटून थांबला. जोडणारा त्या वेळी दुसऱ्या विणकराच्या मागावर असतो. हा हाका मारतो, तो म्हणतो थांब. दोघेही आपापल्या जागी बरोबर, तरी भांडण होते. शेवटी मुकादम धावत येतो व जो समोर सापडेल त्याला बोलतो. कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे हे पाहून माणसे एकत्र बांधलेलीच नव्हती. प्रत्येक जण सर्वांचा होता, म्हणून तो कोणाचाच नव्हता.

राइस यांनी सुचविलेला उपाय साधा होता. सात जणांचा एक गट, त्याच्याकडे ६४ माग, आणि त्या मागांवरचे सारे काम त्या गटाचे. विशेष म्हणजे ही कल्पना कानावर पडताच कामगारांनी व मुकादमांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे हे आपसांत ठरविले. सुरुवातीला अडचणी आल्याच. पण घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली, आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच, आणि माणसेही मुख्यतः तीच.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्याच कारखान्यातील एक प्रसंग आठवला व मान खाली गेली. एका जुन्या कारागिराच्या कापडावर तेलाचे डाग पडत होते. आम्ही दोन आठवडे त्याच्या मजुरीतून पैसे कापले, तेही हिशेबाच्या वेळी चारचौघांत. तो काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात आलाच नाही. पुढे त्याच साच्यांवर दुसरा माणूस बसला आणि डाग तसेच पडत राहिले, तेव्हा कळले की तेल घालणारा पोरगा घाईघाईत जास्त तेल ओततो. तो पोरगा चोवीसही साच्यांवर फिरत असे. त्याला जाब विचारण्याचा अधिकार विणकराला नव्हता आणि आम्हाला सवड नव्हती. त्या कारागिराच्या घरी आम्ही नंतर जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण परत येण्याचे नाव काढले नाही.

काही मालकांना भीती वाटते की चार माणसे एकत्र बांधली की ती एक होतील आणि दर वाढवून मागतील. मागतीलही. परंतु एकेकटा नाराज कारागीर दर मागत नाही, तो न सांगता निघून जातो, आणि नव्या माणसाचा हात बसेपर्यंत जे कापड वाया जाते त्याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. आमच्या मते दर मागणारा कारागीर परवडला.

मालेगाव-भिवंडीच्या लहान कारखान्यात सात जणांचा गट अर्थातच जमणार नाही. बारा साच्यांमागे दोन विणकर व एक कांडीवाला एवढी जोडीही पुरे. मात्र साचे रोज बदलू नयेत, आणि कोण कोणाबरोबर बसणार हे त्यांनाच ठरवू द्यावे. शिलाईच्या कारखान्यातही कटिंग, शिलाई, काजबटण व इस्त्री करणारे एकमेकांवर ढकलतात. तेथेही हीच रीत वापरून पाहण्यासारखी आहे.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणे बरे नाही. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी त्याच गिरणीची पुन्हा पाहणी केली, तेव्हा गटपद्धत काही ठिकाणी टिकून होती, तर काही ठिकाणी काम जुन्या वळणावर गेले होते. हे व्हायला फार वेळ लागत नाही. घाईची ऑर्डर येते, एका गटातला माणूस उचलून मालक दुसरीकडे बसवतो, पुढच्या आठवड्यात आणखी एक. म्हणून ज्यांना प्रयोग करावयाचा आहे त्यांनी आधी सहा-बारा साच्यांवर करावा, पहिले दोन महिने त्या माणसांना हलवू नये, आणि खराब मालाची नोंद कारागिराच्या नावाऐवजी साच्याच्या क्रमांकाखाली ठेवावी.