मेलिता बेटावरील शेकोटी

पाठ: प्रेषितांचीं कृत्यें २७:२७ ते २८:१०

नकाशावर भूमध्य समुद्रांत सिसिली बेटाच्या खालीं कांहीं बारीक ठिपके दिसतात. तोच माल्टा देश. मेलिता हें त्याचें जुनें नांव. सर्व बेटें मिळून त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१६ चौरस किलोमीटर आहे. तेथें बारमाही नदी एकही नाहीं. हा देश १९६४ सालीं स्वतंत्र झाला.

ज्यास तेथें जाण्याचा योग येईल त्यानें प्रथम गोझो बेटावरील जगान्तिया नांवाचीं पाषाणमंदिरें पाहावीं. तीं साडेपांच हजार वर्षांपूर्वींचीं, म्हणजे मिसरांतील गीझाच्या पिरॅमिडांहूनही जुनीं आहेत. ते प्रचंड दगड राक्षसांनींच रचले असावेत अशी लोकांची समजूत होती. वास्तविक धातूचें एकही हत्यार हातीं नसलेल्या शेतकऱ्यांनीं तीं उभारलीं.

नंतर त्यानें कोणाच्या तरी घरीं पंक्तीस बसावें. तेथील लोकांची माल्टी भाषा अरबीच्या कुळांतील असून ती रोमन लिपींत लिहितात. भाकरीस ते होब्झ म्हणतात. जाड कवचाच्या या भाकरीवर टोमॅटो चोळून वर जैतुनाचें तेल घालतात. सशाच्या मांसाची रस्सेदार भाजी हें त्यांचें आवडतें पक्वान्न होय. परंतु आमच्या पाठाच्या दृष्टीनें विशेष लक्षांत ठेवण्याजोगा पदार्थ म्हणजे ‘विधवेचें सूप’. घरांत असतील त्या भाज्या, बकरीच्या किंवा मेंढीच्या दुधाचें चीज व एखादें अंडें, एवढ्यावर तें होतें. गरिबाच्या चुलीवरील हा पदार्थ आज पाहुण्यांसही आवडीनें वाढतात.

आतां आपल्या पाठाकडे वळूं. चौदा दिवस वादळांत सांपडलेलें तारू याच किनाऱ्यास लागून फुटलें. त्यांत २७६ माणसें होतीं: कैदी, शिपाई, खलाशी आणि पौल. भाकर मोडून खाल्ल्यावर त्यांनीं उरलेला गहूही समुद्रांत टाकून दिला होता. म्हणून तीं किनाऱ्यास आलीं तीं भिजलेलीं, गारठलेलीं व रिकाम्या हातांचीं. ग्रीक भाषा न बोलणाऱ्यांस त्या काळीं बर्बर म्हणत. बेटावरील लोक तसलेच. त्यांनीं काय केलें? पाऊस व थंडी पाहून त्यांनीं शेकोटी पेटविली.

येथें एक गोष्ट नीट पाहा. पौलाच्या हातास साप डसला तेव्हां लोकांनीं त्यास खुनी ठरविलें आणि तो मेला नाहीं असें पाहून देव ठरविलें. दोन्ही वेळां ते चुकले. पण शेकोटी पेटवितांना ते चुकले नाहींत. पाहुणा कोण हें कळण्याच्या आधींच त्यांनीं त्यास ऊब दिली होती. पुढें पौलानें पुब्ल्याच्या आजारी बापासाठीं प्रार्थना केली, दुसरेही रोगी बरे झाले. परंतु त्या बेटावर त्यानें केलेलें एकही भाषण शास्त्रलेखांत दिलेलें नाहीं. जो देण्यासाठीं निघाला होता, त्याला तेथें प्रथम घ्यावें लागलें. आम्हां उपदेशकांस हें शिकणें फार जड जातें.

याच बेटावर दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं उपासमारीची पाळी आली. ऑगस्ट महिन्यांत १४ मालवाहू जहाजें त्याच्या मदतीस निघालीं. त्यांपैकीं पांचच पोहोंचलीं, आणि त्यांतील अन्न व तेल यांवर बेट तगलें. ज्या किनाऱ्यानें एकदां उपाशी परक्यांस जेवूं घातलें, तोच आतां समुद्रावरून येणाऱ्या भाकरीची वाट पाहत होता. यजमान व पाहुणा हीं कायमचीं नांवें नव्हेत, पाळी बदलते. आजही आफ्रिकेंतून लहान होड्यांनीं निघालेले लोक त्या किनाऱ्यास येतात. त्यांस कसें घ्यावें यावर तेथें मतभेद आहेत. जुनाच प्रश्न पुनः दारीं उभा आहे.

विचारासाठीं प्रश्न:
१. परका दारीं आला असतां आपण आधीं त्याची चौकशी करितों कीं आधीं पाणी देतों?
२. आपल्याहून गरीब मनुष्याच्या घरीं आपण शेवटचें केव्हां जेवलों?
३. ज्यांस आपण अडाणी समजतों त्यांच्याकडून आपणांस काय मिळालें आहे?

या आठवड्यांत तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर घरांतील सर्वांनीं मिळून द्यावें, आणि ज्याचें नांव निघेल त्याचे आभार त्याच्या घरीं जाऊन मानावे.